शरण आलेला सामुराई

मुलीकडची मंडळी घर बघायला आली. मुलगी जपानीची दुभाषी, म्हणून दिघ्यांनी तिला पोह्यांआधी टीव्हीसमोरच बसवलं.

जुन्या गेम कन्सोलला परदेशी गेम चालवणारी चिप बसवून, थेट जपानहून सामुराईचा गेम मागवून, दिघे गणपतीपासून त्यातल्या एकाच अंगणात एकाच म्हाताऱ्याला हरवत होते. हरला की तो जपानीत काहीतरी विचारी. दिघे बाणेदारपणे वरचा पर्याय दाबत, की पुन्हा लढाई. अर्धा जपान जिंकल्याचं बायकोला सांगून झालं होतं.

"काय म्हणतोय गं? शरण आलाय ना?"

मुलीने वाचलं. मग दारातल्या दिघेकाकूंकडे पाहिलं. "हो काका. असा योद्धा पाहिला नाही म्हणतोय."

"ऐकलंस?" दिघे बायकोला म्हणाले.

"ऐकलं हो," म्हणत ती चहा टाकायला गेली.

मुलगी हळूच म्हणाली, "काका, ही नुसती शिकवणी आहे. गुरुजी विचारतायत, पुन्हा शिकवू का? तुम्ही दर वेळी 'हो' म्हणताय. खालचं दाबा, गेम सुरू होईल."

दिघ्यांनी आत आवाज दिला, "अगं, पेढे आण. आमची पसंती आहे!"

"बाबा, आम्ही अजून बोललोसुद्धा नाही," मुलगा म्हणाला.

"तुझं काय असतं रे मध्येच!"