फिरतीचा तीळ

"बहूजी, माँजी के तलवे का तिल देखा आपने? राई था, मूँग हो गया. किसी को दिखा दो."

गेंदाबाई हे म्हणाली तेव्हा सुहासिनीबाईंचा डावा पाय तिच्या मांडीवर होता. नातीचं बारसं होतं आणि माळव्याच्या रीतीप्रमाणे घरातल्या सवाष्णींच्या पायांना माहूर, म्हणजे अळता, लावायला ही न्हावीण आली होती. अमिता चार हातांवर बसली होती, मांडीवर बारा दिवसांची अनू. तिनं मान वर केली नाही.

"गेंदाबाई, तुम माहूर लगाओ, डॉक्टरी मत करो."

बायका खळखळून हसल्या. गेंदाबाईही हसली आणि तिनं त्या तिळावरून माहूरचा लाल बोळा फिरवला.

सासरे गोपीनाथराव ओसरीवरून माळवी थाटात ओरडले, "अरे भिया, तळव्याला तीळ म्हणजे पायाला भिंगरी म्हणतात! आणि ही? जन्म गेला, शेजारच्या बेटमा गावाच्या पुढे पाऊल नाही टाकलं!" पुन्हा हशा झाला. मिलचा भोंगा बंद होऊन तेव्हा चार महिने झाले होते. टाइम ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस दिवसभर घरात बसून होता. घराला हसायला काहीतरी हवंच होतं.

अमिता होती प्राणिशास्त्राची बी.एस्सी. आणि काळजी तर तिच्या पाचवीलाच पुजलेली. अनू शिंकली तरी ती थर्मामीटर काढायची. एका मासिकात वाचल्यापासून दर महिन्याला स्वतःची छाती चाचपून बघायची. सासूलाही तिनं ते शिकवलं. "इश्श, काहीतरीच तुझं," म्हणत सुहासिनीबाई लाजल्या, पण शिकल्या.

हल्ली त्या जरा लंगडायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "कुरूप झालंय गं. चप्पल बदलली की जाईल." टाचेला चिंधी बांधून पुन्हा कामाला लागायच्या.

दहा महिन्यांनी, आजीच्या अंगावर नाचताना अनूचं डोकं तिच्या छातीवर आदळलं. सुहासिनीबाई कळवळल्या. अमितानं त्याच घटकेला त्यांना आतल्या खोलीत नेलं. उजव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुसऱ्या दिवशी दवाखाना, तिसऱ्या दिवशी सुईची तपासणी. "लहान आहे, वेळेत सापडली," असं ती घरात प्रत्येकाला सांगत होती. "सून शिकलेली आहे म्हणून," गोपीनाथराव शेजाऱ्यांना सांगत होते. अमिता आतून घाबरली होती, पण हे ऐकून तिला बरं वाटत होतं.

डॉक्टर मधुवंतीबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"काकूंच्या छातीत गाठ आहे," त्या म्हणाल्या, "पण ती छातीची नाही."

"म्हणजे?"

"कॅन्सर आहे, अमिता. पण तो इथे जन्मलेला नाही. दुसरीकडे सुरू झाला आणि फिरत फिरत इथे आला. पेशींमध्ये काळा रंग सापडलाय. असा कॅन्सर तिळातून निघतो. अंगावर कुठे तीळ वाढलाय का?"

"नाही. माझं सगळं लक्ष असतं त्यांच्याकडे."

"काकू, टेबलावर आडव्या व्हा बरं."

चपला सुहासिनीबाईंनी सवयीनं दाराबाहेरच काढल्या होत्या. त्या आडव्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी टाचेची चिंधी सोडली आणि दिवा जवळ ओढला.

अमिता पायथ्याशी आली. डाव्या तळव्यावर, टाचेपाशी, सुपारीएवढा काळा डाग होता. कडा फाटलेल्या, मधोमध ओला.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. दर सणाला तिनं या पायांवर डोकं ठेवलं होतं. जोडवी, करंगळीचं वाकडं नख, शिरेची निळी रेघ, सगळं तिला पाठ होतं. तळवा ती आज पहिल्यांदा बघत होती.

"एवढा वाढेपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

अमितानं सुटलेली चिंधी उचलली.

"आलं होतं की," सुहासिनीबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "आमच्या न्हाविणीच्या. पण आमची अमिता बी.एस्सी. आहे, डॉक्टर. तिनं तिला तिथल्या तिथे गप्प केलं. म्हटलं, ही शिकलेली मुलगी, काही असतं तर हिनं मला बसू दिलं असतं का? मी आपली निर्धास्त होते." आणि त्यांनी कौतुकानं सुनेचा हात हातात घेतला.

डॉक्टरीणबाईंनी पायाला नवी पट्टी बांधली. मग म्हणाल्या, "मुंबईला न्या. लगेच. पण उशीर झालाय, हे मनाशी धरून न्या."

"मुंबई?" सुहासिनीबाई उठून बसल्या. "यांना सांगायला हवं. म्हणावं, निघालाय तुमचा तीळ फिरतीवर."

सुहासिनीबाई मुंबईला जाऊन आल्या. त्यानंतर दोन महिने होत्या.

अमिता आता कुणाच्या पाया पडायला वाकत नाही. खाली बसते, गेंदाबाई बसायची तशी, आणि समोरच्याचा पाय मांडीवर घेते. लोक हसतात. तुम्हीही हसा हवं तर. पण तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: आज घरी गेलात की आईचा पाय मांडीवर घ्या, आणि तळवा उजेडात धरून बघा.