सापडलेला कार्ब्युरेटर

साऱ्या कोल्हापूरचा भंगारबाजार पालथा घातल्यावर वत्सलाबाईंना नवऱ्याच्या जुन्या मोटरसायकलचा कार्ब्युरेटर सापडला. घरी येताच त्यांनी तो पिशवीतून काढून यशवंतराव मेकॅनिकांपुढे धरला.

"घ्या, तुमच्या लाडकीचा! बसवा आणि मला जोतिबाला न्या. कबूल केलंय तुम्ही."

यशवंतरावांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हे काय गं?"

"थट्टा पुरे झाली."

ते हसले नाहीत. वत्सलाबाईंना कंपनीबद्दलची कुजबूज आठवली. दुरुस्तीचं पुस्तक हल्ली कंपनी थेट मेकॅनिकच्या डोक्यातच भरत असे. जुन्या गाड्यांची पुस्तकं आता डोक्यातून काढून घेणार, असं कानावर आलं होतं. काढताना त्यांना चिकटलेल्या आठवणीही निघून येतात, असंही लोक म्हणत.

"अहो, याच गाडीवरून मला पळवून नेलंत ना? जोतिबाला लग्न लावलं आपण."

"काहीतरीच! आपलं तर रीतसर ठरवून झालं." अंगणातल्या मोटरसायकलकडे त्यांनी बोट दाखवलं. "कुणाची गं ही?"

"एका गिऱ्हाईकाची," त्या कशाबशा म्हणाल्या.

"न्यायला कधी येणार तो?"

वत्सलाबाईंनी कार्ब्युरेटर पदराने पुसला आणि पुन्हा पिशवीत ठेवला.

"आता नाही यायचा तो."