गृहपाठ

माझ्या आणि लेकाच्या अंगावर आहेत तसेच चहाच्या रंगाचे डाग नातीच्याही अंगावर उठले, तेव्हाच मी ओळखलं होतं. हा आजार माझ्याकडूनच आलेला. त्यात तिच्या डाव्या डोळ्यामागच्या नसेवर गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नजर टिकून आहे तोवर औषध नको. दर तीन महिन्यांनी तपासू. नजर उतरायला लागली, की लगेच सुरू करू."

पहिल्याच तपासणीत पोर तक्त्यावरच्या खालच्या ओळींना अडखळली. पाच वर्षांची ती, अक्षरं अजून कच्ची असणार. छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेला माणूस मी! भिंतीवरचा तो तक्ता वहीत उतरवून घेतला आणि रोज संध्याकाळी तिच्याकडून सातही ओळी घोटून घेतल्या.

पुढच्या दोन्ही वेळा तिने धडाधड वाचून दाखवलं. "नजर छान आहे हो," बाई म्हणाल्या. माझी कॉलर ताठ.

आज बाईंनी तिचा उजवा डोळा पट्टीने झाकला आणि तक्त्यामागचा दिवा लावायला त्या वळल्या. तेवढ्यात तिने सातही ओळी एका दमात म्हणून टाकल्या.

बाईंचा हात बटणावर तसाच राहिला.

"आजोबा, एक पण नाही ना चुकलं?" झाकल्या डोळ्यानेच ती वळली, आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसली.