सहावा पासवर्ड

"पाच होते. तुम्ही सहा शोधलेत," हेडमास्तर म्हणाले आणि तिचं उत्तर टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. सहाव्याभोवती लाल शाईचा गोल होता.

हे काही खरे हेडमास्तर नव्हेत. दातांच्या दवाखान्यांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ते तांत्रिक बाजू सांभाळायचे. दुसऱ्याच्या चुकीवर लाल गोल करायची त्यांना भारी हौस, म्हणून ऑफिसातल्या पोरांनी हे नाव पाडलं होतं. कंपनी त्यांच्या मेव्हण्याची. तोही शेजारीच बसला होता, खुर्ची मागे रेलून, अर्धं लक्ष मोबाइलमध्ये ठेवून.

जागा भरायची होती ती पासवर्ड पकडणाऱ्या माणसाची. प्रोग्रॅम लिहिणारे घाईत पासवर्ड प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवतात आणि विसरतात. मग प्रोग्रॅम जिथे जिथे जाईल तिथे तिथे पासवर्डही जातो. तो बाहेर पडण्याआधी पकडायचा, एवढंच काम. त्यासाठी हेडमास्तरांनी स्वतः परीक्षा तयार केली होती. कंपनीचा एक जुना प्रोग्रॅम घेतला, त्यातले खरे पासवर्ड काढून टाकले, पाच खोटे लपवले आणि 'पाच शोधा' म्हणून उमेदवारांना घरी पाठवून दिला.

बाकीच्यांची गाडी तीन-चारवर अडकली. हिला पाचही सापडले, वर एक जास्तीचा. हेडमास्तरांनी त्याचे गुण कापले. तरी पाचपर्यंत पोचलेली ही एकटीच, बोलवून तर बघू, असं मेव्हण्याचं म्हणणं पडलं. हेडमास्तरांनी बोलावलं ते मुख्यतः चार शब्द सुनावायला, आणि ते त्यांनी सुनावलेही. उगाचच भोंगा वाजत राहिला की लोक कान बंद करतात, मग खरी आग लागली तरी कुणी उठत नाही, वगैरे.

ती मांडीवर हेल्मेट ठेवून ऐकत होती. त्यांचं संपल्यावर शांतपणे म्हणाली, "तो सहावा आधी बदलता का? मग निवांत बोलू."

मेव्हण्याने मोबाइलमधून मान वर काढली.

तिने समजावून सांगितलं. पाच पासवर्ड कुणीतरी बसून रचल्यासारखे होते. एकात तर 'गुपित' हाच शब्द होता. सहावा मात्र लांबलचक, अर्थ नसलेला, मशीनने बनवलेला. शिवाय त्याच्या शेजारी कुणीतरी शेरा मारून ठेवला होता, 'तात्पुरतं आहे, नंतर काढू.' खोटा पासवर्ड लपवणारा माणूस असला शेरा कशाला लिहील?

शेरा हेडमास्तरांना ओळखीचा वाटला. वाटणारच, तो त्यांचाच होता.

तरी त्यांनी विचारून घेतलं, वापरून पाहिलात का? ती नाही म्हणाली. सापडलेली किल्ली कुणाच्या कुलपाला लावून बघायची नसते. मग त्यांनीच लॅपटॉप ओढला आणि पासवर्ड घातला. दार सताड उघडलं. पेशंटांची नावं, फोन नंबर, दाढांचे फोटो झरझर पडद्यावर येऊ लागले. मेव्हण्याची खुर्ची खाडकन सरळ झाली.

हेडमास्तरांनी घाईघाईने परीक्षेतली ती ओळच खोडायला घेतली.

"ओळ खोडून काय होणार? परीक्षा घरोघरी पोचलीय," ती म्हणाली. "पासवर्ड रद्द करा."

मेव्हणा घाबरला. रद्द केला तर नवा बसेपर्यंत सगळ्या दवाखान्यांचं बुकिंग ठप्प होणार, तेही ऐन सकाळच्या गर्दीत. भाऊजी, संध्याकाळी करू, असं तो अजिजीने म्हणत राहिला. हेडमास्तरांचं बोट अधांतरी राहिलं. आजवर त्यांनी पोरांना ढीगभर नियम शिकवले होते; एकही त्यांच्या स्वतःच्या अंगावर आला नव्हता. त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं नाही. बटण दाबलं.

फोन सुरू झाले. मेव्हणा एका कानाला मोबाइल आणि दुसऱ्याला ऑफिसचा फोन लावून 'बस, पाच मिनिटं डॉक्टर' करत होता. एका डॉक्टरीणबाईंना तेवढ्याने भागेना, तेव्हा हेडमास्तरांनी फोन हातात घेतला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची नाही."

काचेपलीकडे पोरांचे हात कीबोर्डवर थबकले. हे वाक्य त्या ऑफिसात नवीन होतं.

तोवर तिने आपली खुर्ची टेबलाच्या त्यांच्या बाजूला आणली होती. आधी नवा पासवर्ड बसवून घेतला, मग जुन्याने कोण कोण आत येऊन गेलं त्याची नोंद उघडायला लावली. दोघं एकेक ओळ उतरत गेले. सगळी घरचीच माणसं होती. परकं कुणी फिरकलं नव्हतं. बुकिंग सुरू झालं, फोन थंडावले, आणि हेडमास्तरांनी चष्मा काढून उगाचच बराच वेळ पुसला.

मग त्यांनी कापलेले गुण परत दिले. कधीपासून येता, असं विचारलं. पगाराचं तुम्ही म्हणाल तसं, असं मेव्हण्याने परस्पर जोडून दिलं. फक्त एक गोष्ट हेडमास्तरांना खात होती. हे तिने आधी कळवायला नको होतं का?

ती म्हणाली, दोनदा फोन केला होता. मुलाखतीआधी प्रश्नांवर चर्चा करायची नाही, असा हेडमास्तरांचा नियम आहे, असं सांगून दोन्ही वेळा फोन ठेवून दिला गेला. मेव्हणा छताकडे बघू लागला.

"मग मुलाखतीला येण्यावाचून इलाजच राहिला नाही," ती उठत म्हणाली. "नोकरी मला मागच्या आठवड्यातच दुसरीकडे लागली. आज तिथला पहिला दिवस, अर्धी रजा टाकून आलेय."