न चुकलेला रविवार

चर्चच्या सेवागौरव समारंभात पाळकसाहेबांनी हनोख उजागरेंच्या खांद्यावर शाल घातली आणि माइक हातात घेतला. "एकतीस वर्षं काकांनी उपासनेला पेटी वाजवली. एकही रविवार चुकवला नाही. रूथकाकू वारल्या, त्या रविवारीसुद्धा ते इथंच होते!"

सगळी मंडळी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. हनोखरावांची मुलगी सुवार्ता पहिल्या बाकाशी उभी राहून फोटो काढत होती. सत्कारासाठी ती खास सोलापूरहून आली होती.

हनोखरावांनी मानचिन्ह घेतलं नाही. त्यांनी माइक मागितला.

"त्या दिवशी पहाटेपासून तिच्या छातीत दुखत होतं," ते म्हणाले. "मला दवाखान्यात न्या म्हणाली. मी म्हटलं, उपासना झाली की लगेच नेतो. पेटीवर बसायला दुसरं कुणी नव्हतं. परत आलो, तर ती उंबऱ्यात पडली होती. एकाच पायात चप्पल होती. एकटीच निघाली होती."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. सुवार्ताने मोबाइल खाली घेतला.

"पप्पा, मम्मी झोपेत गेली म्हणून सांगितलं होतंत तुम्ही."

"हो, बाळा."

ती पर्स उचलून बाहेर पडली. पाळकसाहेबांनी घाईघाईने पुढच्या गीताचा क्रमांक पुकारला. हनोखराव पेटीकडे गेले नाहीत. खांद्यावरची शाल सावरत ते मुलीच्या मागे धावले.

ते फाटकाशी पोचले, तोवर तिची रिक्षा निघून गेली होती.