स्वतःच्या मनाने एक वाक्य

“आधी माझीच परीक्षा घ्या,” मुकादम म्हणाला आणि बाकावर पाय जोडून बसला. “म्हणजे या बायकांची भीड चेपेल.”

साक्षरतेच्या पाहणीला आलेल्या बाईंनी त्याच्या हातात पहिलं कार्ड दिलं. ठळक अक्षरांत चार शब्द होते. घर, पाणी, रस्ता, दिवा. शिवणयंत्रं बंद होती. बारा जणी मांडीवर हात ठेवून बघत होत्या. मुकादमाने कार्ड लांब धरलं, डोळ्यांजवळ आणलं आणि शेवटी परत केलं.

“अक्षरांचा आणि आमचा छत्तीसचा आकडा,” तो म्हणाला. “सहीच्या जागी अंगठा. आमच्या बापाचाही अंगठाच.”

बाईंनी त्याच्या नावापुढे ‘निरक्षर’ लिहिलं. दोघीतिघी हसल्या. मुकादमही हसला.

शर्टांना काजं करणारी मात्र हसली नाही. तिला यात नवीन काही नव्हतं. भरलेल्या खोक्यांवरचे पत्ते तो रोज तिच्याकडूनच वाचून घ्यायचा. ती सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून सगळ्या तिला मास्तरीण म्हणत.

काम चार महिन्यांचं आहे असं सांगितलं होतं. त्याला दोन वर्षं होत आली होती. खालच्या खोलीत शिवायचं, वरच्या खोलीत झोपायचं. रस्त्याकडच्या दाराला बाहेरून कुलूप. सगळ्यांची ओळखपत्रं मालकाच्या कपाटात. आज दार उघडलं होतं ते केवळ सरकारी पाहणीला नाही म्हणता आलं नाही म्हणून, आणि दारात मालकाचा ड्रायव्हर उभा होता.

मास्तरणीची धाकटी नणंद इस्त्रीवर होती. घरचे नको म्हणत असताना मास्तरणीनेच तिला हट्टाने बरोबर आणलं होतं. पोरीला आता आठ दिवस ताप होता. डॉक्टरचं नाव काढलं की मुकादम म्हणायचा, “बघू.”

“वहिनी, त्या बाईंना सांग ना,” नणंद पुटपुटली.

“कशी सांगू? तो समोर बसलाय.”

एकेकीला बोलावणं येत होतं. कुणी अडखळत दोन शब्द वाचले, कुणी नुसती मान हलवली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी कागदावर रेघा ओढल्या. मास्तरणीची पाळी आली तेव्हा तिने सगळा उतारा एका दमात वाचून दाखवला.

बाईंचा चेहरा खुलला. “रोजच्या वापरात लिहिणं होतं का?”

“थोरल्या भावाला पत्र लिहिते. महिन्याला एक.”

“छान. उत्तरं येतात?”

“अजून नाही आलं.”

“पत्रं मीच टाकतो पेटीत,” मुकादम मध्येच म्हणाला. “तेवढं कळतं मला.”

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. “आता शेवटचं. स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहा. काहीही चालेल. शुद्धलेखन आम्ही बघत नाही, अर्थ कळला की झालं.”

मास्तरणीने पेन्सिल उचलली. मुकादम उठून तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला. त्याच्या तंबाखूचा वास तिच्या मानेवर येत होता. तिने कागद हाताने झाकला नाही. झाकला असता तर त्याला संशय आला असता. अक्षर तिने सुटं, ठसठशीत काढलं.

‘दाराला बाहेरून कुलुप असतं, मुलगी आजारी आहे, आम्हाला सोडवा.’

“काय लिहिलंस?” मुकादमाने विचारलं.

“बागेत फुलं उमलली आहेत,” ती म्हणाली.

“वा. एवढ्याशा फुलांना एवढी अक्षरं लागतात होय?”

बाई हसल्या आणि पुढच्या बाईचा तक्ता काढू लागल्या. बाहेर त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. अजून दोन कारखाने व्हायचे होते. मुकादम म्हणाला, “तुम्ही आवरा, कागद मी गोळा करतो.” त्याने सगळे कागद एकत्र केले, बाकावर आपटून कडा सारख्या केल्या आणि गठ्ठा बाईंच्या पिशवीत घातला.

“आमचं लिहिलेलं कुणी वाचतं का, बाई?” मास्तरणीने विचारलं. आवाज साधा ठेवायला तिला फार कष्ट पडले.

“वाचतं म्हणजे? उद्या सकाळी ऑफिसात बसून एकेक वाक्य मी स्वतः वाचणार.”

बाई गेल्या. ड्रायव्हरने दार ओढून घेतलं. कुलूप लागल्याचा आवाज झाला. रोज तो आवाज ऐकला की मास्तरणीच्या छातीत काहीतरी खाली बसायचं. आज बसलं नाही.

यंत्रं सुरू झाली. त्या खडखडाटात ती इस्त्रीच्या टेबलाशी गेली. “उद्या सकाळी,” ती नणंदेच्या कानात म्हणाली. “तुझे दोन कपडे पिशवीत भरून ठेव. कुणाला बोलू नकोस.”

“खरंच, वहिनी?”

“सगळं लिहिलंय मी. त्याच्या नाकासमोर.”

नणंदेने डोळे पुसले. आठ दिवसांत पहिल्यांदा तिने आपणहून पाणी मागून घेतलं आणि पेला रिकामा केला.

मास्तरीण आपल्या यंत्रावर येऊन बसली. तीन शर्ट झाले. चौथा लावत असताना मुकादम शेजारी येऊन उभा राहिला. त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि सुईच्या दिव्याखाली ठेवला. खोक्यावरचा पत्ता वाचून घ्यायचा असेल, म्हणून तिने घडी उलगडली.

ते तिचंच अक्षर होतं.

“कुलूप,” मुकादम हळू आवाजात म्हणाला. “त्यातला लू दीर्घ. भावाच्या प्रत्येक पत्रात तू हीच चूक करतेस.”