पान दोनशे बारा

चहा निवायच्या आत शाल्मलीच्या मदतनीस यंत्राने चाळीस प्रबंधांचा गोषवारा समोर ठेवला. खाडीतल्या कालव-शिंपल्यांवरच्या प्रबंधाखाली एक टीप होती: 'पान २१२ वर लेखक केळुसकर लिहितात, इथवर वाचलं असेल तर मला फोन करा.' खाली नंबरही होता.

गंमत म्हणून तिने तो लावला.

"सर, तुमचं पान दोनशे बारा वाचलं."

म्हाताऱ्या केळुसकरांचा आवाज एकदम उजळला. "सव्वीस वर्षांत पहिलाच फोन! स्वतः वाचलंत?"

"हो, अक्षरन् अक्षर."

"मग त्याच्या पुढचं वाक्य काय आहे?"

"एक मिनिट हं, सर." फोन जरा बाजूला धरून तिने यंत्राला हळूच विचारलं.

"अहो," पलीकडून शांतपणे आवाज आला, "त्याला तर मीही विचारलं असतं."